गाडी चढाला मरते, अॅव्हरेजही पडलं? इंजिन खोलण्याआधी नॉक सेन्सरचा कपलर बघा

नळदुर्ग : गाडी सेल्फला एका झटक्यात चालू होते. उभी असताना इंजिन शांत चालतं, धूर नाही, ऑइल खात नाही. पण हायवेला लागून पुढच्या कंटेनरला ओव्हरटेक करायला पाय दाबला की गाडी जागची उठत नाही. पाच माणसं बसवून तुळजापूरचा घाट चढायचा म्हटलं तर जिथं तिसरा गिअर चालायचा तिथं दुसरा टाकावा लागतो. अॅव्हरेज तर पडलेलंच असतं. दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही.

मग खर्च सुरू होतो. आधी स्पार्क प्लग, मग एअर फिल्टर, मग पेट्रोल पंप, क्लच प्लेट. शेवटी कुणीतरी सांगतं, "इंजिन बसलंय, काम काढावं लागंल." इंजिनचं काम म्हणजे हंगामातलं एखाद्या पिकाचं उत्पन्न गेलं म्हणून समजा. खरोखर इंजिन झिजलं असेल तर इलाज नाही. पण काही गाड्यांचं दुखणं फक्त एवढंच असतं की इंजिनच्या अंगावर बसवलेल्या एका लहान सेन्सरचा कपलर निघालेला असतो, नाहीतर त्याची वायर उंदरानं कुरतडलेली असते. हा सेन्सर म्हणजे नॉक सेन्सर. तो नेमका काय करतो, तुटला की गाडी अशी का वागते आणि तपासायचा कसा, हे माहीत असलं तर गॅरेजवर निदान चार प्रश्न विचारता येतात.

आधी 'नॉक' म्हणजे काय ते समजून घ्या

पेट्रोल इंजिनमध्ये पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ही वेळ फार महत्त्वाची. नागपंचमीच्या झोक्यासारखं आहे ते. झोका मागं येऊन वळला की धक्का दिला तर तो लांब जातो. तो अजून मागं येत असतानाच ढकलला तर हाताला झटका बसतो. उशिरा ढकलला तर झोका जातो, पण त्यात जोर राहत नाही.

ठिणगी फार लवकर पडली, इंजिन जास्त तापलं किंवा पेट्रोल हलकं असलं, तर ठिणगीची आग पसरायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप एकदम पेटतं. त्या दाबाचा तडाखा सिलेंडरच्या भिंतीवर बसतो. बाहेर ऐकू येतो तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा 'किण किण' आवाज. यालाच नॉकिंग म्हणतात, मेस्त्री लोक म्हणतात 'गाडी नॉक मारतीय'. एखाद्या वेळी झालं तर काही बिघडत नाही. पण रोज होत राहिलं तर पिस्टनची कड फुटते, रिंगा जातात, हेड गॅस्केट उडतं.

पद्मिनी आणि अॅम्बेसिडरच्या काळात यावरचा इलाज मेस्त्रीच्या कानात होता. डिस्ट्रिब्युटर ढिला करायचा, थोडा फिरवायचा, गाडी चढाला घालून आवाज ऐकायचा आणि पुन्हा कसायचा. पेट्रोलमध्ये शिसंही मिसळलेलं असायचं, ते नॉकिंग थांबवण्यासाठीच. शिसं विषारी असल्यानं १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आला, म्हणजे ज्याला आपल्याकडं ईसीएम म्हणतात तो. कानाचं काम नॉक सेन्सरकडं गेलं आणि डिस्ट्रिब्युटर फिरवण्याचं काम ईसीएमकडं.

सेन्सर ऐकतो कसा

स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा लायटर असतो. त्याचं बटण दाबलं की आत एका खास स्फटिकावर फटका बसतो आणि ठिणगी निघते. बॅटरी नाही, काही नाही. नॉक सेन्सरमध्येही त्याच जातीचा स्फटिक असतो. इंजिनचा ब्लॉक थरथरला की स्फटिक दाबला जातो आणि अगदी बारीक वीज तयार होते. नॉकिंगची थरथर ठरावीक पट्टीतली असते, सिलेंडरच्या मापाप्रमाणं सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार कंपनं. ईसीएम बाकीचा गोंगाट बाजूला काढून तेवढी पट्टी ऐकतो.

नॉक ऐकू आला की तो ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो. आवाज थांबला की हळूहळू वेळ परत पुढं आणतो. गाडी चालताना हा खेळ सतत चालू असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळंच इंजिन नॉकच्या अगदी कडेला राहून जास्तीत जास्त ताकद देतं.

आता सेन्सरचा कपलर निघाला असं समजा. ईसीएमला काहीच ऐकू येत नाही. इंजिन फुटू देण्यापेक्षा सावध राहिलेलं बरं, म्हणून तो ठिणगी कायमचीच उशिरा टाकायला लागतो. गाडी बंद पडत नाही, झटके देत नाही, उभी असताना काही कळतही नाही. पण भार पडला की जोर नाही. तेवढंच काम करून घ्यायला आपण पाय जास्त दाबतो आणि पेट्रोल जास्त जातं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सेन्सर तुटला म्हणजे नॉकिंगचा आवाज यायलाच पाहिजे असं नाही. उलट ईसीएमला सेन्सर तुटल्याचं कळलं असेल तर आवाज बहुधा येणारच नाही, फक्त गाडी सुस्त होईल. आवाज येतो तो दुसऱ्या प्रकारात. वायर जोडलेली आहे पण सेन्सरचा बोल्टच ढिला आहे, म्हणून ईसीएमला वाटतं सगळं ठीक आहे. हा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात इंजिन खरंच मार खातं.

कोणत्या गाड्यांत असतो

मारुतीच्या के-सिरीज इंजिनवाल्या गाड्या, ह्युंदाईची आय-टेन अशा इंजेक्शनवाल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत तो नसतो. जुनी डिझेल बोलेरो, सुमो किंवा ट्रॅक्टर असेल तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. डिझेलचा खडखडाट हा त्याच्या जळण्याच्या पद्धतीचाच भाग आहे, त्याचं शास्त्र वेगळं.

कपलर निघतो कशानं

सेन्सर इंजिनच्या ब्लॉकवर असतो. चार सिलेंडरच्या गाडीत बऱ्याचदा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. जागा अडचणीची, हात जेमतेम जातो. स्टार्टर काढताना, ऑइल फिल्टरच्या आसपास काम करताना किंवा मॅनिफोल्ड उतरवताना कपलर काढला जातो आणि बसवताना राहून जातो. कधी बसवला जातो, पण लॉकची 'टिक' होत नाही आणि महिनाभरात हादऱ्यानं तो निसटतो. दहा-बारा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून प्लॅस्टिकचा लॉक खडखडीत झालेला असतो, हात लावला की तुटतो.

आपल्या भागात यात उंदराची भर. ज्वारी-सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये किंवा गोठ्याच्या कडेला गाडी लावली की रात्री उबेला उंदीर बोनेटमध्ये शिरतो. गाडी आठ-आठ दिवस उभी राहत असेल तर तो घरच करतो. सोयाबीनच्या काडाचे तुकडे, चिंध्या, लेंड्या दिसल्या तर वायरिंग बघितल्याशिवाय गाडी काढू नये. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत वायरिंगला ठिकठिकाणी जोड दिलेले असतात, तेही बघावे लागतात.

तपासणी : फुकटातून सुरुवात करा

पहिलं काम, चावी ऑन करा, पण गाडी चालू करू नका. मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर ईसीएमकडं काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. आणि चावी ऑन केल्यावर दिवा लागलाच नाही तर? मग बल्ब गेलेला आहे किंवा कुणीतरी काढून ठेवलाय. सेकंड हॅन्ड गाडी घेताना हा दिवा आवर्जून बघा.

दिवा विझतो म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत बीएस-४ लागू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे यांच्याबरोबर आपलं शेजारचं सोलापूर होतं. बाकीच्या भागात तेव्हा बीएस-३ आणि पूर्ण देशात बीएस-४ झालं ते १ एप्रिल २०१७ ला. गाडीनं स्वतःचा दोष स्वतः नोंदवायचा, हा ओबीडीचा नियम बीएस-४ गाड्यांना लागू होता आणि २०१३ पासून तो आणखी कडक झाला. म्हणजे एकाच सालची, एकाच मॉडेलची एमएच-१३ आणि एमएच-२५ पासिंगची गाडी या बाबतीत वेगळी निघू शकते. आपली गाडी कोणत्या बीएसची आहे ते आरसीवर किंवा एम-परिवहन ॲपवर बघता येतं. बीएस-३ गाडी असेल तर दिव्यावर भरवसा ठेवू नका, सरळ कपलर बघा.

दुसरं काम स्कॅनर लावायचं. गॅरेजवाले 'कॉम्प्युटर लावणं' म्हणतात ते हेच. मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा लहान ओबीडी डोंगल मिळतो, टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या ॲपवर कोड दिसतो. फार जुन्या गाड्यांशी हा डोंगल बोलत नाही, तिथं गॅरेजचाच स्कॅनर लागतो. नॉक सेन्सरचे कोड पी ०३२५ पासून पी ०३२८ पर्यंत. पी ०३२५ म्हणजे सर्किटमध्ये दोष, पी ०३२६ म्हणजे सिग्नल बरोबर नाही, पी ०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी आणि पी ०३२८ म्हणजे फार जास्त. कपलर निघालेला असेल तर कंपनीप्रमाणं यातला पी ०३२५, ०३२७ किंवा ०३२८ येऊ शकतो. कोडचा फोटो काढून ठेवा.

कोड बघायच्या आधी बॅटरीची टर्मिनल काढू नका. आपल्याकडं 'टर्मिनल काढून लावा, दिवा जातो' हा इलाज फार चालतो. बऱ्याच गाड्यांत दिवा जातो हे खरं, पण त्याबरोबर नोंदही पुसली जाते. दोष तिथंच राहतो आणि शोधायचा धागा मात्र हातातून जातो.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीलाही कधी कधी लक्षात राहत नाही. कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच खराब, असा त्याचा अर्थ नाही. कोड सांगतो ती सगळी वाट कुठंतरी तुटलीय एवढंच. सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग आणि ईसीएम, यातलं काहीही असू शकतं. नवा सेन्सर घेऊन बसवायच्या आधी वाट बघितली पाहिजे.

तिसरं काम डोळ्यांनी बघायचं. इंजिन पूर्ण थंड असू द्या, चावी काढून खिशात ठेवा. सेन्सर दिसायला मधोमध बोल्ट असलेल्या जाड काळ्या चकतीसारखा असतो, काही गाड्यांत नटासारखा थेट ब्लॉकमध्ये आवळलेला असतो. नजर पोचत नसेल तर मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा, हात आत घालून वरून-खालून फिरवा आणि मग बाहेर येऊन तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. आरसा धरून मान वाकडी करण्यापेक्षा हे सोपं. लोंबकळणारा कपलर यात लगेच दिसतो.

कपलर जागेवर दिसला तरी तो हळूच हलवून बघा. लॉक दाबून काढा आणि आत पाहा. पिना हिरव्या पडल्यात का, ऑइल-माती साचलीय का, एखादी पीन मागं सरकलीय का. वायरचं वरचं रबर साबूत असतं आणि आतली तार तुटलेली असते, असंही होतं. बोटानं वाकवून बघितलं तर तुटल्या जागी वायर जास्तच मऊ लागते. पिना साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पॉलिश पेपरनं घासू नका. बसवताना 'टिक' ऐकू आली पाहिजे. लॉक तुटला असेल तर चिकटपट्टीवर भागवू नका, उष्णतेनं ती सुटते. जुन्या वायरिंगमधला त्याच मापाचा कपलर सोलापूरला स्पेअर पार्टच्या बाजारात शोधावा.

मीटर लावताना फसू नका

यापुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, पण काय चाललंय ते कळावं म्हणून सांगतो. काही सेन्सरच्या आत रेझिस्टर असतो आणि मीटरवर ठरावीक ओहम दिसतात. काहींच्या आत तो नसतो, तिथं मीटर काहीच दाखवत नाही आणि तरीही सेन्सर चांगला असतो. तेव्हा 'मीटरला काही येत नाही, सेन्सर गेला' हे ऐकून लगेच पैसे काढू नका. त्या मॉडेलचा आकडा काय आहे ते विचारा.

जास्त भरवशाची तपासणी अशी. सेन्सरचा कपलर काढायचा, मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या पिनांना लावायचा (एकच पीन असेल तर दुसरी वायर ब्लॉकला) आणि सेन्सरच्या जवळ ब्लॉकवर लहान पान्यानं हळू टकटक करायची. प्रत्येक टकटकीला आकडा हलला पाहिजे. हलला तर सेन्सर जिवंत आहे, दोष पुढं वायरमध्ये शोधा. फटका सेन्सरवर मारायचा नाही, स्फटिक फुटतो. दुसरी पद्धत चालू इंजिनवरची. सगळं जोडलेलं असताना स्कॅनरवर इग्निशन टायमिंगचा आकडा बघत ब्लॉकवर टकटक केली तर बऱ्याच गाड्यांत तो आकडा क्षणभर मागं येतो. सगळ्याच गाड्या उभ्या असताना असं करत नाहीत, त्यामुळं आकडा हलला नाही म्हणून निकाल देऊ नये. चालू इंजिनजवळ बाही, उपरणं आणि हात बेल्टपासून लांब.

वायर बदलायची वेळ आली तर हाताला लागेल ती साधी वायर जोडून चालत नाही. या सेन्सरचा सिग्नल इतका बारीक असतो की बऱ्याच गाड्यांत त्याच्या वायरीला जाळीचं कवच दिलेलं असतं. कवचाची अर्थिंग तुटली किंवा वायर इग्निशन कॉईलला चिकटून ओढली तर कॉईलचा गोंगाट ईसीएमला नॉकच वाटतो आणि तो ठिणगी मागं घेत राहतो. म्हणजे जोडून पुन्हा तेच.

सेन्सर नवा बसवलाच तर खालची जागा साफ पाहिजे. गंज, रंग, माती काही नको, वॉशर नको, टेफ्लॉन टेप तर अजिबात नको. बोल्ट आवळायचं माप चकतीवाल्या सेन्सरला बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, म्हणजे फार नाही. ढिला राहिला तर सेन्सर बहिरा होतो आणि अंगातला जोर लावून आवळला तर चुकीचं ऐकतो. टॉर्क पाना असलेल्या माणसाकडूनच हे काम करून घ्यावं.

पेट्रोलला दोष द्यायच्या आधी

सध्या अॅव्हरेज पडलं की सगळे ई-२० पेट्रोलकडं बोट दाखवतात. उसाच्या पट्ट्यात इथेनॉलवर बोलायला प्रत्येकाकडं काहीतरी आहेच. खरं काय ते आकड्यांत बघू. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळं जुन्या गाडीचं अॅव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरलेली आहे. १८ देणारी गाडी या हिशेबानं पावणेसतराच्या आसपास यावी. ती १३ वर आली असेल तर सगळं खापर पेट्रोलवर फोडता येणार नाही.

दुसरी बाजूही आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगलं आवरतं. आधीच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई-२० चा ९५ आहे. नॉक सेन्सर जोडलेला असेल तर ईसीएम त्याचा थोडाफार फायदा घेऊ शकतो. कपलरच निघालेला असेल तर ठिणगी उशिराच पडणार, टाकीत काहीही भरा. अशा गाडीत महागाचं प्रीमियम पेट्रोल घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रबरी नळ्यांवर ई-२० चा परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि जुन्या गाडीत त्या नळ्या बघायलाच हव्यात. पण पिकअपच्या तक्रारीत त्याची सरमिसळ नको.

कपलर ठीक आणि आवाज मात्र येतोय

असं असेल तर आवाज ओळखा. चढाला पाय दाबल्यावर 'किण किण' येतो आणि पाय सोडला की थांबतो, तो नॉक. अशा वेळी कूलंट कमी आहे का, रेडिएटर तुंबलाय का, चुकीच्या नंबरचे स्पार्क प्लग बसलेत का, बाटलीतलं भेसळीचं पेट्रोल टाकलं होतं का, हे बघा. आत कार्बन साचल्यानंही होतं. गाडी उभी असताना वरच्या बाजूनं बारीक टिकटिक येते ती टॅपेटची. आणि खालून 'धब धब' असा जड आवाज इंजिनच्या वेगाबरोबर वाढत असेल तर ते बेअरिंग असू शकतं. तिथं सेन्सर शोधत बसू नका, गाडी बंद करा आणि ओढून न्या.

काम झाल्यावर

कपलर बसवला, कोड पुसला, गॅरेजच्या दारात पाच मिनिटं गाडी उभी चालवली आणि दिवा लागला नाही, म्हणजे काम झालं असं नाही. बऱ्याच गाड्यांत ईसीएम हा सेन्सर तपासतो तो इंजिन गरम झाल्यावर, भार असताना आणि फेरे वाढल्यावर. काहींत दोष दोन वेळा दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. म्हणून इंजिन गरम होऊ द्या, हायवेला इटकळच्या बाजूला पंधरा-वीस किलोमीटर जाऊन या, मोकळा रस्ता बघून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. परत येऊन पुन्हा स्कॅनर लावा. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा बघा. अॅव्हरेज मात्र एका टाकीवर ठरवू नका, दोन-तीन वेळा टाकी फुल करून मोजा.

एक जुगाड बाजारात चालतो तोही माहीत असावा. सेन्सरच्या जागी कपलरमध्ये नुसता रेझिस्टर खोचून देतात. काही गाड्यांत ईसीएम फसतो, दिवा जातो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण आता ईसीएमला वाटतं सेन्सर आहे आणि नॉक कधीच होत नाही. त्यामुळं तो ठिणगी पुढंच ठेवतो. उन्हाळ्यात एसी लावून, भरलेली गाडी चढाला घातली आणि खरंच नॉक झाला तर सांगणारं कुणी नाही. सेकंड हॅन्ड गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडून त्या कपलरमधून वायर खरंच सेन्सरपर्यंत जाते का, तेवढं मोबाईलच्या टॉर्चनं बघून घ्या.